टेलरची ‘तारा’ आणि शंभर वर्षांचे गणित

व्हिक्टोरियन साहसकथा म्हटली की ‘ट्रेझर आयलंड’ आठवते. नाशिकच्या वाचकाला मात्र फिलिप मेडोज टेलरची ‘तारा’ (१८६३) अधिक जवळची वाटावी. टेलरने नळदुर्गचा कारभार पाहिला होता. तुळजापूरचा मुलूख त्याच्या पायाखालचा. कादंबरीची नायिका तारा ही तिथलीच ब्राह्मण विधवा, आणि तिचा विवाह होतो अफजलखानाच्या मुलाशी. इंग्रज तारणहार इथे नाही. म्हणून ‘वसाहतवादी’ असा शिक्का मारून ही कादंबरी बाजूला सारणे मला पटत नाही.

खरी गोम सनावळीत आहे. अफजलखानाचा वध १६५९चा. टेलर तो १६५७मध्ये आणतो. माझ्या मते, हे त्रयीच्या सोयीसाठी आहे: १६५७ला मराठ्यांचा उदय, १७५७ला प्लासी (‘राल्फ डार्नेल’, १८६५), १८५७ला उठाव (‘सीता’, १८७२). या शंभरीच्या पायऱ्यांवर शिवकाळ हा इंग्रजी अमलाचा पहिला टप्पा ठरतो. माणसे टेलरने जवळून पाहिली. काळ मात्र राज्यकर्त्याच्या हिशेबाने मांडला. आज ‘तारा’ वाचताना तिच्यातल्या माणसांवर विश्वास ठेवावा, तिच्या पंचांगावर नव्हे.