उघडा रंगमंच आणि वगाची रात्र

खुला रंगमंच म्हणजे छप्पर नसलेले नाट्यगृह, ही समजूत अपुरी आहे. छप्पर गेल्याने नाटकाचे स्थळ बदलते, त्याहून अधिक त्याचा काळ बदलतो. चैत्र-वैशाखातील गावजत्रा हा महाराष्ट्राचा उन्हाळी कलामहोत्सवच होय. आणि तिच्यातील तमाशा हे या विधानाचे उत्तम उदाहरण आहे.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी तेथे येऊन सुपारी देतात आणि प्रत्येक गावची रात्र ठरते. त्या रात्रीचा क्रमही ठरलेला असतो : गण, गौळण, बतावणी आणि शेवटी वग. हा क्रम केवळ सोयीचा नव्हे. गण-गौळणीत प्रेक्षक स्थिरावतो, बतावणीत सोंगाड्या त्याची नाडी पाहतो, आणि मगच कथा त्याच्या स्वाधीन केली जाते. पठ्ठे बापूरावांच्या (१८६६-१९४५) ‘मिठाराणी’सारखा वग मध्यरात्र उलटल्यावर रंगावा, हे या रचनेतच अभिप्रेत आहे.

२००० साली आलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास मनाई केली. सभागृहासारख्या बंदिस्त जागा तीतून वगळल्या. नियमामागील हेतूशी वाद नाही. रुग्णाची झोप कोणत्याही कलेहून मोलाची आहे. परंतु परिणाम पाहावा. खेळ आखडला की पहिला बळी जातो तो शेवटी येणाऱ्या वगाचा. म्हणजे तमाशातील नाट्याचाच. उरतात ती गाणी. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते खरी. पण ते दिवस शासनाने आगाऊ ठरवावयाचे, आणि जत्रा तर गावागणिक वेगळ्या तिथीला भरते.

वग छपराखाली नेता येत नाही काय? येतो. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने (१९६५) तो नाट्यगृहात आणला, आणि दादा कोंडके यांच्या हजरजबाबीपणाने त्याची उत्स्फूर्तताही राखली. परंतु तो तिकिटाच्या वेळेत बसविलेला वग होता. त्याचे यश मान्य करूनही, त्याने जत्रेतील रात्रीची जागा भरून काढली असे म्हणवत नाही.

उलट १९८५ साली फ्रान्समधील आव्हिन्याँच्या उन्हाळी महोत्सवात पीटर ब्रुक यांनी ‘महाभारत’ दगडाच्या खाणीत सादर केले, तेव्हा काही खेळ रात्रभर चालून पहाटे संपले. जगाने त्याची वाखाणणी केली. रात्रभर कथा ऐकणे हे आपल्या गावांना नवे नव्हते. तरीही आपल्या समीक्षेने त्या रात्रीकडे नाट्यतत्त्व म्हणून क्वचितच पाहिले.

अनुवादकास हे विशेष जाणवते. छापील वग परभाषेत नेताना शब्द नेता येतात; त्या शब्दांपूर्वीचे जागरण नेता येत नाही. म्हणून वगाची केवळ संहिता जतन करून भागणार नाही. संपूर्ण रात्रीच्या प्रयोगाची नोंद व्हावयास हवी, आणि सवलतीचा दिवस गावच्या तिथीशी जोडला जावयास हवा. पहिले काम समीक्षकांचे आहे. दुसऱ्यासाठी त्यांनी निदान बोलले पाहिजे.