चव्वेचाळीस आणि पाच

काही शोधनिबंध बंदिशीसारखे असतात: पुन्हा ऐकले की नवी जागा सापडते. युअन पिअर्सन, अँड्र्यू हॅटर्सली आणि सहकाऱ्यांचा ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला २००६चा निबंध मला तसा वाटतो.

विषय आहे जन्मल्यावर काही महिन्यांतच मधुमेह झालेल्या मुलांचा. ‘टाइप १’ समजून त्यांना जन्मभराचं इन्सुलिन लावलं जाई. २००४ साली ॲना ग्लॉइन आणि हॅटर्सली यांच्या गटाने अशा २९ रुग्णांचं केसीएनजे११ हे जनुक तपासलं. १० जणांत दोष निघाला. साखर वाढली की स्वादुपिंडातल्या पेशीचं पोटॅशियमचं दार मिटतं आणि इन्सुलिन सुटतं. जनुकातल्या दोषामुळे या मुलांचं दार मिटतच नाही. इन्सुलिन आत तयार असतं, पण पेशीतच अडकून राहतं. ग्लायबेनक्लामाइड ही मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी नेमकं तेच दार मिटवते.

२००६च्या निबंधात ही गोळी दिलेल्या ४९ पैकी ४४ जणांचं इन्सुलिनचं इंजेक्शन थांबलं. त्यात प्रौढही होते. १२ आठवड्यांत सरासरी एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतल्या साखरेचं माप) ८.१ टक्क्यांवरून ६.४वर आलं, तेही साखर एकदम उतरण्याचे प्रसंग न वाढता. पण माझी लाडकी जागा पुढे आहे. गोळी चालू असताना शिरेतून ग्लुकोज दिलं त्यापेक्षा तोंडावाटे दिल्यावर, जेवल्यावर, इन्सुलिन जास्त स्रवलं. घास पोटात गेल्याचा आतड्याचा निरोप पेशीला कळू लागला होता! कोरड्या आलेखात एवढं सुख दडलेलं असतं. उरलेल्या पाच जणांना जमलं नाही, हेही तितक्याच सरळपणे लिहिलंय. म्हणूनच त्या ४४वर विश्वास बसतो.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या घरापासून एम्स रुग्णालय जवळच. उपचारासाठी गावाकडून येणारी माणसं कुणा ना कुणा मराठी घरी उतरतात, आणि मधुमेह झालेल्या बाळाची आजी हमखास म्हणते, “आमच्या घराण्यात कुणालाच शुगर नाही हो, मग ह्याला कुठून?” तिचं उत्तर २००४च्या निबंधात आहे: १० पैकी ८ जणांत दोष नव्यानेच उपजला होता, आईबापांकडून आला नव्हता. उलट आपल्याकडे अनेक घरांत कुणाला ना कुणाला शुगर असते, त्यामुळे नुसत्या वंशावळीवरून निदान करणं फसवं. खरा प्रश्न साधा आहे: साखर पहिल्यांदा सापडली तेव्हा बाळ किती महिन्यांचं होतं? सहा महिन्यांच्या आत असेल, तर मूल आज बारा वर्षांचं असलं तरी जनुक तपासायलाच हवं. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीय बाळांत ही तपासणी केली आहे. अहवाल येईपर्यंत मात्र इन्सुलिन थांबवायचं नाही. बदल करायचा तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

हॅटर्सलींच्या गटाने पुढे इन्सुलिन सोडून गोळीवर आलेल्या अशा रुग्णांचा सुमारे दहा वर्षं माग ठेवला. २०१८च्या निबंधातल्या ८१ पैकी ७५ जण तोवर गोळीवरच होते.