पदव्यांची शिडी

राजपदव्यांचे अर्थ सांगताना आपले ग्रंथकार बहुधा एक शिडी उभी करतात: वर सम्राट, मग राजा, त्याखाली सरदार आणि तळाशी जमीनदार. मुलांस पाठ करावयास ही सोय उत्तम. परंतु चांद्याच्या इतिहासास ती टेकवून पाहावी, म्हणजे तिच्या पायऱ्या किती डळमळीत आहेत हे ध्यानी येते.

चांद्याचे गोंड अधिपती 'राजा' म्हणवीत. नागपूरकर भोसल्यांची पदवी 'सेनासाहेब सुभा'. ती परसोजींस शाहू महाराजांनी दिलेली, अर्थात् सेवकाची. तथापि १७५१ साली राजा नीलकंठशहाचे राज्य घेतले ते या सेवकाच्या घराण्यातील रघुजींनीच! पुढे इंग्रजांनी याच भोसल्यांस 'वऱ्हाडचे राजे' म्हटले. घराणे तेच, बोलणारा मात्र बदलला.

'राणी' या शब्दाची गत याहून वाईट. सामान्य अर्थाने ती राजाची पत्नी. परंतु बीरशहाच्या पश्चात, दत्तक रामशहा अल्पवयी असता, राज्याचा भार वाहिला तो राणी हिराईने. पतीची तिने बांधलेली भव्य समाधी चंद्रपुरात आजही उभी आहे. तिचा अधिकार 'राणी' या पदात कोठे दिसतो?

आता तळची पायरी. बंगाल्यातील सारा वसूल करणारा तो जमीनदार, आणि इंग्रजी दप्तरात मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके हेही जमीनदारच. १८५८ साली त्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले व त्याच वर्षी २१ ऑक्टोबरास चांद्यास फाशी स्वीकारली. सरकारने त्यांस बंडखोर ठरविले; गोंड समाजाने त्यांस वीर मानले. यांपैकी कोणता शब्द आपण उचलतो, यावर आपला इतिहास कोणाच्या बाजूने लिहिला गेला हे ठरते.

आमच्या मते पदवी माणसाची उंची सांगत नाही. देणारा आणि घेणारा यांचे नाते सांगते. म्हणून ती कोणी दिली, केव्हा आणि कशासाठी, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून तिचा अर्थ लावू नये. १९५० साली संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने सरकारी किताब बंद झाले. जमीनदाऱ्याही लवकरच गेल्या. तरीही अहेरीच्या घराण्यास लोक 'राजे' म्हणतात. हा मान कोणत्याही दरबाराने दिलेला नाही, आणि कोणत्याही शिडीवर त्यास जागा नाही.