संशोधकाचे मोजमाप : आकडा काय सांगतो आणि काय लपवतो

पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडताना तुम्ही बहुधा त्यांचे गुगल स्कॉलरवरील पान उघडता आणि एकूण सायटेशन व एच-इंडेक्स पाहता. हे आकडे कसे वाचावेत, याचा विचार दिल्लीतील रोगप्रतिकारशास्त्राच्या उदाहरणांवरून करू.

एच-इंडेक्स ही कल्पना जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडली. एखाद्याच्या २० शोधनिबंधांना प्रत्येकी किमान २० सायटेशन असतील, पण २१ निबंधांना प्रत्येकी किमान २१ नसतील, तर त्याचा एच-इंडेक्स २०. आता दोन संशोधक घ्या. एकाचे ५ निबंध, प्रत्येकाला २०० सायटेशन. दुसऱ्याचे २० निबंध, प्रत्येकाला २०. पहिल्याची एकूण सायटेशन १०००, दुसऱ्याची ४००. तरीही पहिल्याचा एच-इंडेक्स ५ आणि दुसऱ्याचा २०. थोडे पण मोलाचे लिहिणाऱ्याला हे माप न्याय देत नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण. डॉ. जी. पी. तलवार हे दिल्लीतील राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेचे संस्थापक-संचालक. संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली. एचसीजी या गर्भारपणातील संप्रेरकाविरुद्ध लस बनवण्याच्या कल्पनेवरचा त्यांचा महत्त्वाचा निबंध १९७६ चा, तर स्त्रियांवरील चाचणीचा १९९४ चा. मध्ये १८ वर्षे गेली. नियतकालिकाचा प्रचलित इम्पॅक्ट फॅक्टर मात्र मागील फक्त दोन वर्षांतील लेखांना मिळालेली सायटेशन मोजतो. लसीच्या कामाची चाल आणि या मोजपट्टीची चाल जुळतच नाही.

१९९४ चा निबंध स्वतः वाचा. चाचणीत १४८ स्त्रिया होत्या. प्रतिपिंडांची पातळी संरक्षक मर्यादेच्या वर असताना १२२४ मासिक चक्रांत एकच गर्भधारणा झाली. हे यश मोठे आहे. पण सुमारे २० टक्के स्त्रियांमध्ये ती पातळी गाठलीच गेली नाही, हेही त्याच निबंधात आहे. शिवाय अशा लसींचे संशोधन थांबवावे, अशी मागणी स्त्री-आरोग्य संघटनांनी १९९३ पासून जगभर केली होती. कौतुक करणारा लेख आणि आक्षेप घेणारा लेख, दोघेही त्याच निबंधाचा हवाला देतात. मोजणीत दोन्हींची किंमत सारखीच.

नावामुळेही घोटाळा होतो. तलवार यांच्या कुष्ठरोगावरील लसीतील जिवाणू आधी ‘मायकोबॅक्टेरियम डब्ल्यू’ या नावाने ओळखला जाई. २००९ मध्ये तो स्वतंत्र प्रजाती ठरला आणि ‘मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रानी’ हे नाव रूढ झाले. एकाच नावाने शोध घेतला तर अर्धे काम नजरेआड जाते.

रोटाव्हायरस लसीचे उदाहरण वेगळा प्रश्न उभा करते. ११६ई हा विषाणू-प्रकार १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बालकांत सापडला. डॉ. महाराज किशन भान यांच्या पुढाकाराने त्यावर लस झाली. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथील ६७९९ बालकांवरील चाचणीचा निष्कर्ष २०१४ मध्ये आला : रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या तीव्र अतिसारापासून सुमारे ५४ टक्के संरक्षण. २०१६ मध्ये लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आली. लस मिळालेले बाळ कोणाचा हवाला देत नाही. आणि अनेक लेखकांच्या निबंधात प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण सायटेशन जमा होते. कोणी किती काम केले, ते आकडा सांगत नाही.

मग आकडे टाकून द्यावेत का? नाही. केवळ ज्येष्ठांच्या शिफारशीवर निवड होऊ लागली तर ओळखीपाळखीचे राज्य येते. आकडा निदान सर्वांना दिसतो आणि तपासता येतो. पण त्याने चौकशी सुरू व्हावी, निकाल लागू नये. सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये तयार झालेल्या ‘डोरा’ जाहीरनाम्याचा आग्रहही हाच आहे : नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून संशोधक जोखू नका, त्याचे काम पाहा.

म्हणून मार्गदर्शक निवडताना त्यांचे तीन निबंध पूर्ण वाचा. प्रत्येकासाठी लिहून काढा : प्रश्न कोणता होता, पुरावा कितपत पुरेसा आहे, आणि ज्यांनी हवाला दिला त्यांनी मान्यता दिली की हरकत घेतली? तुमची पुढची पाच वर्षे त्या उत्तरांवर ठरवा.