बालगंधर्व, पागनीस आणि प्रेक्षकाचे स्मरण

‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त (१९३५) बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली, तिला अपेक्षित लोकप्रियता लाभली नाही. स्त्रीभूमिकांत मुरलेल्या नटाला पडद्यावरील पुरुषभूमिका पेलली नाही, हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे आहे. विष्णुपंत पागनीसही रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. तरीही त्याच संस्थेच्या ‘संत तुकाराम’मधील (१९३६) त्यांचा तुकाराम सर्वमान्य झाला. तेव्हा भेद नटाच्या पूर्वानुभवात नसून प्रेक्षकाच्या स्मरणात शोधावा लागतो. बालगंधर्वांचे स्त्रीरूप हा नट आणि प्रेक्षक यांच्यातील एक करार होता. समोर पुरुष आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षक भामिनीच पाहत असे. एकनाथांच्या वेशात हा करार निरर्थक ठरला. पागनीसांना असे प्रबळ स्मरण ओलांडावे लागले नाही. ‘साध्वी मीराबाई’त (१९३७) बालगंधर्व स्त्रीवेशात परतले, परंतु पडद्यावर तोवर स्त्रियाच स्त्रीभूमिका करीत होत्या, त्यामुळे जुना करार तेथे पुन्हा होणे शक्य नव्हते. नटाच्या माध्यमांतराची मीमांसा म्हणूनच अभिनयशैलीपाशी थांबू शकत नाही. प्रेक्षकाने दिलेली वा नाकारलेली संमती हाही तिचा विषय आहे.