उत्तर सापडलं, पण प्रयोग कुठे गेला?

२०१४ चा पहिला ‘मेझ रनर’ मला फार आवडला होता. भूलभुलैयात कोंडलेली पोरं आणि एकच प्रश्न : यांना इथे का ठेवलंय? म्हणूनच २०१८ चा शेवटचा भाग, ‘द डेथ क्युअर’, बघताना जास्त चिडचिड झाली.

‘विकेड’ ही संस्था म्हणते, फ्लेअर विषाणूवर औषध शोधायला हे सगळं केलं. ठीक. पण औषध शेवटी मिळतं कुठे? थॉमसच्या रक्तात! टेरेसाला शंका येते कशी, तर त्याच्या रक्तापासूनचा डोस मिळालेली ब्रेंडा अजून ठणठणीत आहे म्हणून. सॅम्पल साइज एक. मग थोडं रक्त तपासलं की झालं काम. अहो, मग एवढा भूलभुलैया बांधला कशाला? तुमच्या थीसिसमध्ये मेथड एकीकडे आणि निष्कर्ष भलतीकडूनच आला, तर व्हायवाला परीक्षक नेमकं हेच विचारतील.

न्यूटचा मृत्यू मात्र खरा वाटतो. औषध इतकं जवळ असताना तो जातो, तिथे मलाही रडू आलं. पण लगेच परत स्फोट, कोसळत्या इमारती.

शेवटी थॉमसच्या हातात एक कुपी उरते. तिचं पुढे काय करायचं, हे दिग्दर्शक वेस बॉल सांगतच नाही.