टेबलावर नसलेला विंचू

मागच्या वेळी आपण देकार्तच्या यंत्रवत् शरीरापाशी थांबलो होतो. आज तीनशे वर्षं ओलांडून एकदम बी. एफ. स्किनर यांच्या ‘व्हर्बल बिहेवियर’ या पुस्तकाकडे येऊ. पुस्तक १९५७ सालचं. दोन वर्षांनी नोम चॉम्स्की यांनी ‘लँग्वेज’ या नियतकालिकात त्याचं परीक्षण लिहिलं. तेव्हापासून झालंय असं, की परीक्षणाबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पुस्तक मात्र क्वचित कुणी उघडतं. चॉम्स्कींनी स्किनरला ‘संपवलं’, एवढं वाक्य आम्ही वर्षानुवर्षं उत्तरपत्रिकांत वाचत आलो. काय संपवलं आणि कसं, हे विचारलं की वर्गात शांतता. म्हणून आज परीक्षणाचंच परीक्षण करायचा बेत आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू: उद्दीपक. मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘स्टिम्युलस’ला हाच शब्द आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बैल हाकायची पराणी. टोचलं की बैल चालतो. टोचणारा बाहेर, चालणारा पुढे. वर्तनवादाच्या मनात हेच चित्र होतं. आपला उद्दीपक मात्र वेगळ्या घरातून आलेला आहे. रसशास्त्रात चांदणं, उपवन, कोकिळेचा आवाज हे उद्दीपन विभाव. पण ते पेटवतात कुणाला? ज्याच्यात स्थायी भाव आधीच आहे त्याला. रती नसेल तर चांदणं म्हणजे नुसता उजेड. भाषांतर करणाऱ्यांनी मूळ शब्दापेक्षा अधिक शहाणा शब्द निवडला, असं आमचं मत आहे. आजची सगळी चर्चा पराणी की चांदणं, याच वादाभोवती फिरणार आहे.

आता विंचवाची गोष्ट. १९३४ साली हार्वर्डमधल्या एका भोजनप्रसंगी तरुण स्किनर तत्त्वज्ञ व्हाइटहेड यांच्या शेजारी बसले होते. वर्तनवाद त्यांनी मोठ्या उत्साहानं समजावून सांगितला. व्हाइटहेड म्हणाले, बाकी वर्तनाचं ठीक आहे, पण भाषेचं काय? मी इथं बसून म्हणतो की या टेबलावर एकही काळा विंचू पडत नाहीये. मी हे का म्हणालो, ते सांगा! दुसऱ्या दिवशी सकाळी स्किनरनी पुस्तकाचा आराखडा मांडायला घेतला आणि तो पुस्तकरूपानं यायला तेवीस वर्षं लागली. ही हकिकत त्यांनी स्वतःच पुस्तकाच्या शेवटी सांगितली आहे.

त्यांचं उत्तर काय? बोलणं हेही वर्तनच. पाणी हवं असताना ‘पाणी’ म्हणणं वेगळं आणि पाणी दिसल्यावर ‘पाणी’ म्हणणं वेगळं. पहिल्याला त्यांनी ‘मँड’ म्हटलं, दुसऱ्याला ‘टॅक्ट’. मागणी आणि निर्देश म्हणा हवं तर. पहिलं गरजेच्या ताब्यात, दुसरं समोरच्या वस्तूच्या. हा भेद खरोखर सूक्ष्म आहे. पुस्तक न वाचणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. व्याकरणाच्या दृष्टीनं शब्द एकच, पण करणी दोन. ऑस्टिन वगैरे मंडळी त्याच सुमारास इंग्लंडात शब्दांनी काय ‘केलं’ जातं ते विचारत होती, हे ध्यानात घ्या.

मग चॉम्स्कींनी घाव घातला कुठे? समजा भिंतीवर एक चित्र आहे. बघणारा म्हणाला ‘डच’, तर स्किनर म्हणणार, चित्रातल्या डचपणानं हे उत्तर काढून घेतलं. पण तोच माणूस ‘वाकडं लागलंय’ म्हणू शकतो, ‘भिंतीला शोभत नाही’ म्हणू शकतो, किंवा मागच्या वर्षीच्या सहलीची आठवणही काढू शकतो. प्रत्येक वेळी आपण म्हणणार, त्या त्या गुणानं ते ते उत्तर काढलं. म्हणजे उद्दीपक कोणता हे उत्तर ऐकल्यावरच ठरतं. प्रयोगशाळेत खटका दाबणाऱ्या उंदराच्या बाबतीत दिवा लागला की नाही हे उंदराला न विचारता सांगता येतं; तिथं उद्दीपकाला काटेकोर अर्थ आहे. भाषेकडे येताना शब्द तोच राहतो आणि अर्थ गळून पडतो. हा आक्षेप बिनतोड आहे. न्यायशास्त्र शिकलेला कुणीही याला अन्योन्याश्रय म्हणेल.

फक्त तो नवा नव्हता. जॉन ड्यूई यांनी १८९६ साली प्रतिक्षेपाच्या कल्पनेवर एक निबंध लिहिला. मूल ज्योत बघतं, हात पुढे करतं, भाजतं, हात मागे घेतं. पाठ्यपुस्तक म्हणतं: ज्योत हा उद्दीपक, हात नेणं ही प्रतिक्रिया. ड्यूई म्हणतात, सुरुवात ज्योतीपासून नाहीच. सुरुवात बघण्यापासून आहे. डोकं वळलं, नजर स्थिरावली, तेव्हा कुठे ज्योत ही ‘ज्योत’ झाली. आणि भाजल्यानंतरची ज्योत पहिल्यासारखी दिसतच नाही. उद्दीपक आणि प्रतिक्रिया ही एकाच क्रियेतली दोन कामं. त्या दोन वस्तू नव्हेत. चॉम्स्कींच्या त्रेसष्ट वर्षं आधी हे छापून आलेलं होतं.

शिकण्याच्या बाबतीतही हेच निघालं. १९६६ साली गार्सिया आणि कोएलिंग यांनी उंदरांना गोड पाणी दिलं आणि ते पिताना प्रकाश आणि आवाज होईल अशी योजना केली. ज्यांना मागाहून आजारी पाडलं त्यांनी गोड चव टाळली. ज्यांना विजेचा धक्का दिला त्यांनी प्रकाश आणि आवाज टाळला. पराणी सगळीकडे सारखीच टोचत नाही. काय कशाशी जोडायचं, याबद्दल उंदराचंही स्वतःचं म्हणणं असतं.

आता पुन्हा विंचवाकडे, कारण खरी अडचण तिथं आहे आणि चॉम्स्की तिच्याकडे वळलेच नाहीत. व्हाइटहेडनी मोठी चतुराई केली होती: विंचू नव्हता! जे नाही ते टोचणार कसं? स्किनरचं उत्तर असं, की काळा विंचू हे चर्चेतल्या वर्तनवादाचंच रूपक असावं. तोच व्हाइटहेडना नकोसा होता. उत्तर गमतीदार आहे, पण प्रश्नाला बगल देणारं आहे. आपल्याकडे या प्रश्नावर शतकानुशतकं खल झाला. जमिनीवर घट नाही, हे मला कशानं कळतं? प्राभाकर म्हणतात, अभाव म्हणून काही नाहीच, दिसते ती नुसती जमीन. स्किनरनी यांना पंगतीत शेजारी बसवून घेतलं असतं. कुमारिल म्हणतात, इंद्रियाला अभाव टोचू शकत नाही, म्हणून अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानावं लागतं. नैयायिक म्हणतात, अभाव प्रत्यक्षच दिसतो, पण जमिनीचं विशेषण म्हणून. भांडण मोठं आहे, पण एका बाबतीत दोघेही सावध आहेत: घट असता तर इथं दिसला असता, ही योग्यता हवी, आणि घटाची आठवण हवी. घट ठाऊकच नसलेल्याला त्याच जमिनीवर घटाभाव दिसणार नाही. जमीन तीच, प्रकाश तोच, डोळे तेच. फरक बघणाऱ्यात.

अवधानाचंही तसंच. माझं मन दुसरीकडे होतं म्हणून मी ऐकलं नाही, हा अनुभव बृहदारण्यकात नोंदलेला आहे, आणि नैयायिकांनी त्यासाठी अणुपरिमाण मनाची योजना केली: एका वेळी एकाच इंद्रियाशी जोड. १९५३ साली कॉलिन चेरी यांनी लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एकाच कानातलं म्हणून दाखवायला सांगितलं. दुसऱ्या कानातली इंग्रजी जर्मन झाली तरी पत्ता लागला नाही. इथपर्यंत नैयायिक खूश! पण १९५९ साली, म्हणजे चॉम्स्कींच्या परीक्षणाच्याच वर्षी, नेव्हिल मोरे यांना दिसलं की त्या दुर्लक्षित कानात स्वतःचं नाव आलं, तर साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू येतं. लग्नाच्या मांडवात सनई-चौघड्याच्या गोंगाटात आपलं नाव कुणी काढलं की मान वळतेच ना! अणु मनाला हे पचवायला जड जाईल. पण पराणीच्या चित्राला त्याहून जड जाईल, कारण नावाचा आवाज बाकी शब्दांपेक्षा मोठा नव्हता.

आता आमची मुख्य तक्रार. चॉम्स्कींनी स्किनरच्या हातातून उद्दीपक काढून घेतला आणि पुढे तोच स्वतःच्या खिशात घातला. १९८०च्या सुमारास त्यांचा युक्तिवाद ‘उद्दीपकाचं दारिद्र्य’ या नावानं रूढ झाला: मुलाच्या कानावर जे पडतं ते इतकं अपुरं, की व्याकरणाची बैठक जन्मजातच असली पाहिजे. असेलही. वाक्यरचनेबाबत त्यांचे दाखले वजनदार आहेत. पण दारिद्र्य मोजलं कशात? मुलाच्या कानावर पडलेल्या वाक्यांत. म्हणजे पुन्हा बाहेरून आत येणारा माल, फक्त या वेळी कमी पडलेला. ज्या शब्दाला १९५९ साली अर्थ उरला नव्हता, तो वीस वर्षांनी गरीब कसा ठरला?

इथं घरातलं उदाहरण घ्या: ताट. या एका शब्दात दंत्य त आहे आणि मूर्धन्य ट आहे. वर्कर आणि टीझ यांनी १९८४ साली दाखवलं, की इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं हिंदीतले त आणि ट वेगळे ओळखतात. दहा-बारा महिन्यांची जवळजवळ नाहीत. हिंदी घरातल्या बाळांची ओळख टिकते. मग पॅट्रिशिया कुल यांनी २००३ साली अमेरिकन बाळांना नवव्या महिन्यापासून मंदारिन चिनी ऐकवली, बारा बैठकी. काहींसमोर चिनी बोलणारी माणसं पुस्तकं, खेळणी घेऊन बसली. काहींना त्याच माणसांची चित्रफीत दाखवली. काहींना नुसता आवाज. प्रत्यक्ष माणसांबरोबर बसलेली बाळं चिनी ध्वनिभेद शिकली. चित्रफितीवाली आणि आवाजवाली शिकली नाहीत. बोलणं तेच होतं, माणूस नव्हता. याला उद्दीपक श्रीमंत म्हणायचा की दरिद्री?

काऊचा घास, चिऊचा घास भरवणारी आजी बोट खिडकीकडे नेते, बाळाची नजर बोटामागून जाते, मग आजी ‘काऊ’ म्हणते. खिडकीत कावळा नसला, तर बाळ आजीच्या तोंडाकडे बघतं: कुठे गेला? व्हाइटहेडचा विंचू बाळ एवढ्यात गाठतं. तीच आजी हल्ली घास भरवताना मोबाईल लावून देते, म्हणजे ‘तेवढंच कानावर पडतं’. घरोघर हाच युक्तिवाद ऐकू येतो, आणि लहानग्यांच्या ‘मेंदूला चालना’ देणारी महागडी खेळणी विकली जातात तीही त्याच जोरावर. हा शुद्ध पराणीवाद आहे. स्किनर हरले असं आपण वर्गात शिकवतो आणि घरी त्यांच्याच नावानं खरेदी करतो. खुद्द स्किनर मात्र याहून शहाणे होते. बोलणं ऐकणाऱ्या माणसामुळे घडतं, ऐकणारा नसेल तर ते टिकत नाही, हे त्यांच्या पुस्तकात पानोपानी आहे. चॉम्स्कींच्या परीक्षणात या ऐकणाऱ्याला फारशी जागा मिळाली नाही. पुढे १९७० साली मॅककॉर्कोडेल यांनी स्किनरच्या बाजूनं सविस्तर उत्तर दिलं, पण तोवर निकाल लागून गेला होता. मागणी आणि निर्देश यांतला तो भेद मात्र स्वमग्न मुलांना बोलायला शिकवणारे लोक आजही रोज वापरतात. त्यांना परीक्षणाशी काही देणंघेणं नाही. मूल ‘पाणी’ मागतं की नाही, एवढंच त्यांना बघायचं असतं.

पुढच्या वेळी क्वाइनचा ससा. ‘उद्दीपक-अर्थ’ म्हणून त्यांनी १९६० साली जी कल्पना काढली, तिचं याच कसोटीवर काय होतं ते पाहू. आता ज्यांना चॉम्स्कींच्या बाजूनं भांडायचंय, त्यांनी खुशाल हात वर करावेत. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.